कशात काढलंय, ते सांग

मुलुंडला आमच्या सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले आणि दुप्पट डोकेदुखी घेऊन वर आले. काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी हिरव्या खोक्यांची चळत लावली होती. खोक्यावर माड, माडामागे समुद्र, आणि समुद्राच्या पुढ्यात पांढरा कोट घालून, हातात जांभळी टेस्ट ट्यूब धरून हसत उभ्या असलेल्या आमच्या जुन्या लॅबच्या प्रमुख गावडे मॅडम.

खाली छापलं होतं, 'डॉ. सुनंदा गावडे, ज्येष्ठ शास्त्रज्ञ'. त्याच्याखाली एक भलामोठा आकडा आणि, 'तिरफळाची अँटिऑक्सिडंट ताकद, प्रयोगशाळेत सिद्ध. फक्त गरम पाण्यात बुडवा आणि प्या.'

"घ्या ना ताई, मस्त चालतंय सध्या," दुकानदार म्हणाला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं असेल की त्याने गुपचूप गोळ्यांचे सुटे पैसे पुढे सरकवले. एक खोका मात्र मी घेतला.

मॅडम वारून वर्ष होत आलं. त्या डॉक्टर नव्हत्या, एमएस्सी होत्या. कोणी चुकून डॉक्टर म्हटलं तर भर मीटिंगमध्ये "मी कोणाला सुई टोचलीय का?" असं विचारून त्याचा पाणउतारा करायच्या. ते डॉक्टरचं एक वेळ सोडून देऊ. पण ते पाण्याचं वाक्य! ते वाक्य छापलं जाऊ नये म्हणून ही बाई नोकरीवर लाथ मारून गेली होती. आणि आता तेच वाक्य तिच्याच तोंडाखाली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याला.

त्या गेल्या तेव्हा जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर 'शांत, मृदुभाषी, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' असा मेसेज आला होता, खाली जोडलेले हात. मी तेव्हाही चिडले होते. मृदुभाषी! मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा पहिल्या मजल्यावर होता आणि मॅडम आत कोणावर तरी ओरडत असल्या की रसायनं पुरवणाऱ्या कंपनीचा सेल्समन जिन्यातच थांबायचा. आवाज निवला की वर यायचा. उंची जेमतेम, कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, साडीची पिन नेहमी वाकडी, आणि हातात स्टीलचा एक लांब चमचा. तो पावडर मोजायला कमी आणि टेबलावर आपटायला जास्त वापरात असायचा.

आमची कंपनी मसाल्यांचे अर्क काढायची. मालक धनंजय सर परदेशात मॅनेजमेंट शिकून आलेले. त्यांना 'कोकणचा वारसा' विकायचा होता. कोकण त्यांनी रिसॉर्टच्या बाल्कनीतून पाहिलं होतं. मॅडमचं कोकण वेगळं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून दहिसरला नदीकडच्या चाळीत आले, आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक पिशवीत सुकवलेली तिरफळं असायचीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तिरफळ मिऱ्याहून थोडं मोठं, सुकलं की तोंड उघडतं, आत काळं बी असतं. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे झणझणीत रश्श्यात, ठेचून टाकायची आणि खाताना ताटाच्या कडेला काढून ठेवायची. चुकून दाताखाली आलं तर जीभ बधिर होते.

मी लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेने रिपोर्ट लिहिला होता की तिरफळात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. मॅडमनी तो वाचला आणि चमचा आपटला.

"भरपूर? भरपूर म्हणजे काय? सत्यनारायणाचा प्रसाद आहे काय? कशात काढलंस ते सांग."

"अल्कोहोल आणि पाण्यात, मॅडम. अर्धं अर्धं."

"मग तसं लिही. नुसत्या पाण्यात काढलं असतंस तर कमी उतरलं असतं. हेक्झेनमध्ये, त्या पेट्रोलच्या भावंडात, काढलं असतंस तर वासाचं तेल सगळं आलं असतं आणि तुझे अँटिऑक्सिडंट चोथ्यातच राहिले असते. तिरफळ तेच. तू पगार आईला एक सांगतेस, मैत्रिणीला एक सांगतेस, तसं तेही ज्याला त्याला वेगळं सांगतं. तिरफळात काय आहे हे मला विचारू नकोस. त्याने कोणाला काय दिलं ते विचार."

मग त्यांनी मला रंगाची परीक्षा दाखवली. ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक गडद जांभळं रसायन असतं. त्यात अर्काचे थेंब टाकायचे आणि थोडा वेळ अंधारात ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडतो आणि ट्यूब पिवळी होते. रंग गेला तर अर्क पास. जांभळा तसाच राहिला तर नापास. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं आहे. धनंजय सरांच्या मार्केटिंगवाल्यांना मात्र आजतागायत कळलेलं नाही.

'कशात काढलंय' हा प्रश्न मॅडम फक्त मसाल्याला विचारायच्या असं नाही. जेवणाच्या सुट्टीत राणे म्हणून आमची एक सहकारी शेजारणीच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. मॅडम बांगड्याचा काटा काढता काढता म्हणाल्या, "ही बातमी कशात काढलीस? सासूत ना? मग आता सुनेत काढ, बघ काय उतरतं." राणे आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी. माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा मी सांगितलं की मुलगा फार सालस आहे म्हणतात. "कोण म्हणतं? त्याची आई? आईत सगळ्यांचेच मुलगे सालस उतरतात गं! त्याला रिक्षावाल्याशी भांडताना बघ. वेटरने चुकीची डिश आणली की बघ." मी खरंच बघितलं. घाटकोपरच्या हॉटेलात त्या सालस मुलाने वेटरला जे काही सुनावलं, ते ऐकून मी घरी येऊन नकार कळवला. आईने मॅडमना महिनाभर शिव्या घातल्या.

त्यांचा राग आंधळा नव्हता, हे मला आज मुद्दाम सांगायचंय. लॅबमध्ये उघड्या चपला चालत नाहीत हा त्यांचा नियम. एकदा धनंजय सर कोणा मोठ्या गुंतवणूकदाराला घेऊन आले. पायात महागड्या कोल्हापुरी. मॅडम दारातच आडव्या उभ्या राहिल्या. सर डोळ्यांनी खुणावतायत, "मॅडम, गेस्ट आहेत, पाचच मिनिटं." मॅडम म्हणाल्या, "ऍसिडला गेस्ट कळत नाही." पाहुण्यांना दारातूनच परत जावं लागलं. त्या दिवशी सरांच्या कपाळावर जी आठी पडली ती शेवटपर्यंत गेली नाही.

आणि राग स्वतःवरही तितकाच. तिरफळाच्या सॅशेची, म्हणजे पाण्यात बुडवायच्या पुडीची, पहिली पावडर भिवंडीच्या युनिटमध्ये दळून आली ती कडूजार. जिभेवर ठेववेना. लॅबमध्ये आम्ही बनवली होती ती छान होती, मग ही अशी कशी? मीटिंगमध्ये सगळे तिथल्या सुपरवायझरवर तुटून पडले. तो बिचारा नागपूरचा, तिरफळ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं. त्याने सूचनेचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'तिरफळं स्वच्छ करून दळावीत'. त्याने काड्या काढल्या, माती चाळली, आणि दळली. बियांसकट.

आमच्या लॅबमध्ये सावंत, राणे आणि मी, सगळी कोकणातली. तिरफळ हातात आलं की काळं बी काढून टाकायचं आणि फक्त साल ठेवायची, हे आमची बोटं लहानपणापासून करतात. स्वच्छ करणं म्हणजे बी काढणं. हे लिहायला हवं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. सर त्या सुपरवायझरला म्हणत होते, "कॉमन सेन्स नाही का तुला, यार?"

मॅडम उठल्या. "बी काढायचं हे त्याला स्वप्नात येणार होतं काय? सूचना मी लिहिली. चूक माझी आहे. त्याला बोलायचं नाही." मग आमच्याकडे वळल्या, "आणि तुम्ही तिघं! माझ्या समोर बसून बिया काढत होतात मेल्यांनो, एकाने तरी विचारलंत की हे लिहिलंय का म्हणून?"  नागपूरचा तो माणूस त्यानंतर दर दिवाळीला मॅडमना फोन करायचा.

आता त्या वाक्याबद्दल. सरांना सगळ्यात मोठा आकडा हवा होता. म्हणून आम्ही तिरफळ जितक्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे अर्क काढायच्या द्रवांमध्ये, भिजवता येईल तितक्यांत भिजवून पाहिलं. सगळ्यात मोठा आकडा पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये आला. मिथेनॉल म्हणजे विषारी दारू पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं ते. तपासणीपुरतं लॅबमध्ये वापरायला काही हरकत नाही, सगळे वापरतात. पण ते कोणाच्या कपात जाणार नाही. सॅशे कपात बुडवायची ती गरम पाण्यात. आणि सरांनी खोक्यावर छापायला काढला तो आकडा मिथेनॉलचा, आणि त्याला जोडून वाक्य 'गरम पाण्यात बुडवा आणि प्या'. खाली मॅडमची सही हवी होती.

सरांच्या केबिनचं दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, नंबर आपल्याच लॅबमध्ये आलाय ना? मग? खोटा थोडीच आहे?"

"नंबर खरा आहे. तुमचं वाक्य खोटं आहे. लोकांना मिथेनॉलमध्ये बुडवून प्यायला सांगणार आहात काय?"

"ओ मॅडम, काहीतरीच काय बोलता!"

"मग पाण्याचा आकडा छापा."

"पाण्याचा नंबर कोण बघणार? वाट लागेल प्रॉडक्टची. सगळी मार्केटमधली लोकं असंच करतात, तुम्हाला पण माहितीय."

"माका गजाली नको," मॅडमचा आवाज चढला. रागाच्या भरात त्या अशा मालवणीत शिरायच्या; गजाली म्हणजे रिकाम्या गप्पा. "कोणी शुगरवालं, कोणी बीपीवालं हा खोका वाचून औषधाच्या जागी हे पाणी पीत बसलं तर? सही माझी असणार. त्यांना तुम्ही दिसणार नाही, मी दिसणार."

"सही तर तुम्हाला करावीच लागेल."

"तिरफळ बांगड्यात घाला आणि गप्प जेवा. सही मिळणार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. सरांनी सही बाहेरच्या कुठल्यातरी लॅबमधून आणली. ती कशी मिळते हे सांगायला नको. मी पुढच्या काही महिन्यांत मुलुंडला दुसरीकडे लागले.

मॅडम त्यानंतर दहिसरला भावाकडेच असायच्या. लग्न केलं नव्हतं. चाळीच्या जागी टॉवर झाला होता. मी जायचे अधूनमधून. घरी बसून राग कमी झाला असेल असं वाटायचं, पण छे. टीव्हीवर कोणी बुवा कसलातरी काढा सांगायला लागला की रिमोट सोफ्यावर आदळायच्या. आजारपणातसुद्धा डॉक्टरला विचारलं म्हणे, "हा रिपोर्ट कुठल्या लॅबचा? पुन्हा करून घ्या." पुन्हा केला. तोच आला. तेव्हा म्हणाल्या, "आता मानते."

तर तो हिरवा खोका घेऊन मी रविवारी दहिसरला गेले. मॅडमच्या भावाला, विलासकाकांना, सांगायचं आणि त्या धनंजयला कोर्टात खेचायचं, असं सगळं डोक्यात ठरवून गेले होते. काका बसवर कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांनी दार उघडलं, आणि माझी पहिली नजर गेली ती शोकेसकडे. मॅडमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी तोच हिरवा खोका उभा होता. त्यालाही छोटा हार.

"ये गो, बस," काका म्हणाले. चेहरा फुललेला. "बघितलंस? सुनंदाचा फोटो आला खोक्यावर. कंपनीतली मुलगी आली होती घरी, शाल-नारळ घेऊन. म्हणाली मॅडमचा सन्मान करायचाय, तुमची परवानगी द्या. मी सही दिली. आयुष्यभर राबली माझी बहीण, कोणी नाव घेतलं नव्हतं तिचं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. काकांवर नाही. जिने सही दिली नाही तिच्या पश्चात तिच्या भावाची सही शाल पांघरून काढून नेली, या नीचपणावर. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. म्हातारा माणूस आहे, खूश आहे, राहू दे. पण मग मॅडमचा चमचा आपटल्यासारखा वाटला. हे आपण काकांना गोड लागेल अशाच पाण्यात काढून देणार काय?

मी सांगितलं. मिथेनॉलचं, पाण्याचं, केबिनमधलं, राजीनाम्याचं, सगळं. राजीनाम्याचं खरं कारण मॅडमनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. 'कंटाळा आला' एवढंच म्हणाल्या होत्या. काका ऐकत राहिले. मग उठून शोकेसमधला खोका काढला, हार बाजूला ठेवला आणि चष्मा लावून फोटो बघायला लागले.

"हातातलं हे जांभळं काय आहे?"

मी रंगाची परीक्षा समजावली.

"म्हणजे हा रंग जायला हवा होता?"

"हो."

"आणि गेला नाही."

"नाही गेला."

"मग ती हसते कित्याक?"

तो फोटो मीच काढला होता, म्हणून मला माहीत होतं. केबिनमधून बाहेर आल्यावर मॅडम थेट पँट्रीत गेल्या होत्या. आमचा ऑफिसचा मग घेतला, किटलीतलं गरम पाणी ओतलं, नमुन्याच्या खोक्यातली एक सॅशे त्यात बुडवली, खोक्यावर छापायचं होतं अगदी तसंच. मग ते पाणी त्या जांभळ्या रसायनात घातलं आणि ट्यूब अंधारात ठेवून तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर काढली तेव्हा ट्यूब जांभळीच होती. अगदी जराशी फिकी, पण जांभळी. मॅडम खो खो हसायला लागल्या. त्या लॅबमध्ये मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

"मोबाइल काढ तुझा," त्या म्हणाल्या. कोट नीट केला, ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली. "फोटो प्रॉडक्टच्या फोल्डरमध्ये टाक. उद्या हे म्हणतील की पाण्यातही रंग गेला होता. मी नसेन इथे, हा असेल. माझं तोंड कसंही येऊ दे, रंग नीट आला पाहिजे."

मी फोटो फोल्डरमध्ये टाकला होता. मार्केटिंगवाल्यांनी फोल्डर उघडला असणार, त्यांना मॅडमचा हसरा चेहरा दिसला असणार, आणि हातात छान जांभळं काहीतरी.

 काकांनी खोका उलटा करून त्यावरचा नंबर शोधला आणि फोन लावला. रविवार होता, पण कोणीतरी उचलला. "गावडे बोलतोय, दहिसरवरून. सुनंदा गावडेचा भाऊ," इथपर्यंत ते नीट बोलले. पुढे बहिणीसारखेच मालवणीत शिरले. "माझ्या भैणीचो फोटो काढा थंयसून. सन्मान? तुमका लाज वाटणा नाय? ती हसता ती तुमका!" आवाज चढत गेला. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मला वाटतं, मरोळच्या त्या जिन्यात एखादा सेल्समन असता तर तो आजही तिथेच थांबला असता.

मी खोका पुढ्यात ओढला. छापखान्याने काम चोख केलं होतं. माड भडक, समुद्र भडक, मॅडमचा चेहरा जरा पुसट. रंग मात्र नीट आला होता.